विसाव्याचा प्रश्न

बेळगाव जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात मी शिक्षक म्हणून लागलो, त्याला आता तीस वर्षे होत आली. नव्या शिक्षकाच्या गळ्यात जी कामे पडतात त्यांत तालुका क्रीडास्पर्धेच्या याद्या करणे हे एक. मी इतिहासाचा माणूस, मैदानाशी माझा संबंध कबड्डी बघण्यापुरता. तरी यादी माझ्याकडे आली. मुलींच्या ८०० मीटर शर्यतीसाठी नववीतल्या एका मुलीचे नाव होते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिची मैत्रीण शिक्षकखोलीच्या दारात येऊन उभी राहिली. “सर, तिला उद्या अडचण आहे,” एवढे एक वाक्य ती कसेबसे बोलली आणि पुढचे काही सांगण्याआधीच मी म्हणालो, “बरं बरं, समजलं. विश्रांती घे म्हणावं तिला.” यादीतले नाव खोडून राखीव मुलीचे घातले. आपण किती समजूतदारपणे वागलो, असेही मनाशी वाटले.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी मैदानाच्या कडेला इतरांच्या चपला आणि पिशव्या सांभाळत बसली होती. संध्याकाळी परतताना आमच्या एक ज्येष्ठ बाई मला म्हणाल्या, “सर, तुम्ही तिला विचारलंत का?”

“काय विचारायचं, बाई?”

“ती धावणार होती. मैदानावर मुलींसाठी आडोसा, पाणी काही आहे का, एवढंच विचारायला तिनं मैत्रिणीला पाठवलं होतं.”

पुढल्या वर्षी त्या मुलीने नाव दिले नाही. मीही विचारले नाही.

दिवाळी अंकासाठी हा काय विषय, असे काही वाचकांना वाटेल. आमच्या पिढीतल्या पुरुषांनी तर हा शब्द उच्चारायलाच अर्धे आयुष्य घालवले. पण बाईंच्या त्या एका प्रश्नाने मला नंतरच्या काळात बरेच वाचायला लावले, आणि वाचता वाचता ध्यानात आले, की मी जे त्या दिवशी केले ते माझ्या आधी फार मोठमोठ्या माणसांनी, फार मोठमोठ्या विद्यापीठांत बसून केले होते. मासिक पाळीच्या दिवसांत बाईच्या हृदयाचे, नाडीचे, ताकदीचे काय होते. तिने धावावे की बसावे. या प्रश्नाला स्वतंत्र इतिहास आहे. तो आपल्या मुलींच्या आयुष्याशी जोडलेला आहे म्हणून इथे थोडक्यात मांडतो.

आपण दोन भाषांच्या मुलखात राहणारी माणसे. म्हणून सुरुवात शब्दांपासून करू. मराठीत ‘विटाळ’, ‘शिवायची नाही’, ‘कडेला बसली’, ‘कावळा शिवला’. शेजारच्या कन्नड घरात ‘मुट्टु’. आणि कन्नडमध्ये ‘मुट्टु’ म्हणजे स्पर्श करणे. दोन्ही भाषांनी या गोष्टीला नाव दिले ते शिवाशिवीवरून. बाईला त्या दिवसांत काय वाटते, दुखते का, थकवा येतो का, यावरून एकही नाव पडले नाही. नावे बाहेरून बघणाऱ्यांनी ठेवली, हे उघड आहे.

वैद्यकाचे जुने ग्रंथ पाहावेत तर सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात रजस्वलेने कोणत्या गोष्टी वर्ज्य कराव्यात याची यादी आहे. दिवसा झोपणे, काजळ घालणे, रडणे, स्नान, नखे काढणे, मोठ्याने हसणे, फार बोलणे, आणि धावणे. प्रत्येक गोष्टीचा परिणामही दिला आहे. रजस्वला धावली तर होणारे मूल चंचल निपजते, असे तिथे सांगितले आहे. परिणाम सगळे पुढे होणाऱ्या मुलावर; धावणाऱ्या बाईचे स्वतःचे काय होते, याची त्या यादीत वास्तपुस्त नाही. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण दोन हजार वर्षांनी तो अमेरिकेत पुन्हा भेटणार आहे.

१८७३ साली बॉस्टनमध्ये डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. क्लार्क हे हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात प्राध्यापक राहिलेले प्रतिष्ठित गृहस्थ. तो काळ तिकडे मुलींसाठी कॉलेजांची दारे उघडू लागल्याचा. क्लार्क यांचे म्हणणे असे, की शरीरातील शक्तीचा साठा मर्यादित असतो. वयात येणाऱ्या मुलीच्या शरीराला गर्भाशय आणि त्याचे ऋतुचक्र नीट बसवायचे असते. त्याच वेळी तिने लॅटिन आणि गणित यांत डोके घातले, तर रक्त आणि शक्ती मेंदूकडे ओढली जाऊन पुढे ती आजारी, अशक्त, कदाचित वांझ होईल. मुलगा दिवसाला सहा तास अभ्यास करू शकत असेल, तर मुलीने चार, फार तर पाच तास करावा, आणि दर चौथ्या आठवड्याला अभ्यासातून आणि श्रमातून विश्रांती घ्यावी. पुरावा म्हणून त्यांनी स्वतःच्या दवाखान्यातल्या मोजक्या आजारी मुलींच्या कहाण्या दिल्या होत्या. शिकून धडधाकट राहिलेल्या मुली डॉक्टरकडे कशाला येतील, हा साधा विचार त्यांना सुचला नाही. पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. एखाद्या मुलीला कॉलेजात घालावे की नाही यावर घरोघर क्लार्क यांचा हवाला दिला जाऊ लागला.

पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, इंग्लंडात हेन्री मॉड्सली या नामांकित मनोविकारतज्ज्ञाने हाच सूर एका मासिकात लावला. त्याला त्याच मासिकात उत्तर दिले ते एलिझाबेथ गॅरेट अँडरसन या डॉक्टर बाईंनी. त्यांच्या लेखातला एक मुद्दा मला फार मार्मिक वाटतो. त्यांनी विचारले, की घरकामाच्या मोलकरणी, गरीब कष्टकरी बायका महिन्याचे सगळे दिवस सारखेच राबतात. त्यांना कोण विश्रांती देते, आणि त्यांची प्रकृती त्यामुळे ढासळल्याची ओरड कुणी का करत नाही? म्हणजे विसाव्याची आठवण होते ती बाई पुस्तक उघडू लागली की. धुणे, पाणी, दळण यांसाठी मात्र तिचे सगळे दिवस सारखेच समजले जातात. ‘कडेला बसलेल्या’ आजीकडून आपल्याकडे गोधड्या शिवून घेत, धान्य निवडून घेत, शेतावर पाठवत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको.

तरी हे सारे वादविवादच होते. मोजमाप कुणी केले नव्हते. ते करणारी बाई म्हणजे मेरी पटनम जेकोबी.

या बाईंचा जन्म १८४२ सालचा. वडील न्यूयॉर्कचे प्रसिद्ध प्रकाशक. मुलीने डॉक्टर होणे त्यांना फारसे रुचले नव्हते. १८६४ साली त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून पदवी घेतली. तेवढ्यावर समाधान न मानता त्या पॅरिसला गेल्या आणि तिथल्या वैद्यकीय विद्यालयाचे स्त्रियांना बंद असलेले दार ठोठावत राहिल्या. १८६८ साली ते उघडले. तिथे प्रवेश मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. १८७१ साली पदवी घेऊन परत आल्या.

हार्वर्डमध्ये बॉयल्स्टन पारितोषिक नावाची एक निबंधस्पर्धा असे. १८७६ सालासाठी विषय ठेवला होता: पाळीच्या काळात स्त्रियांना मानसिक व शारीरिक विश्रांतीची गरज असते काय, आणि असल्यास किती? निबंध निनावी पाठवायचा असे, लिफाफ्यावर फक्त एक बोधवाक्य. जेकोबीबाईंनी निबंध पाठवला आणि पारितोषिक त्यांना मिळाले. तोवर ते कुणाही स्त्रीला मिळाले नव्हते. ज्या हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयाने मुलींना विद्यार्थिनी म्हणून घ्यायला पुढे १९४५ साल उजाडू दिले, त्याच विद्यापीठाने १८७६ साली, लिफाफा फोडण्याआधी, एका बाईचे काम सर्वोत्तम ठरवले!

या बाईंनी केले काय? त्यांनी आधी विचारले. सोळा प्रश्नांची एक प्रश्नावली छापून तिच्या हजार प्रती स्त्रियांकडे धाडल्या. दुखते का, किती दुखते, किती चालता, शाळेत असताना व्यायाम होता का, काम थांबवावे लागते का, असे साधे प्रश्न. २६८ जणींची उत्तरे आली. आज टपालाने प्रश्नावल्या पाठवणाऱ्याला ही संख्या फार वाटणार नाही. पण त्या काळी या विषयावर अनोळखी व्यक्तीला लिहून उत्तर देणे ही धिटाईची गोष्ट होती. त्यांपैकी सुमारे ३५ टक्के स्त्रियांनी कळविले, की आम्हांला त्या दिवसांत वेदना, अस्वस्थता किंवा अशक्तपणा यांपैकी काहीच होत नाही. उरलेल्यांना कमीअधिक त्रास होता, आणि तोही जेकोबीबाईंनी लपवला नाही. कुणाला होतो, कुणाला नाही, याची त्यांनी कोष्टके मांडली. व्यायामाची सवय असलेल्या, शिक्षण नीट झालेल्या बायकांत त्रास कमी दिसत होता. क्लार्क यांच्या सिद्धांताच्या हे अगदी उलटे होते.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी नाडी मोजली, आणि हृदयाचा विषय इथे प्रत्यक्ष येतो. १८६० च्या सुमारास एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने नाडीचे आलेख काढण्याचे एक सुटसुटीत यंत्र बनवले होते. मनगटावर पट्ट्याने बांधायचे. नाडीच्या ठोक्याबरोबर एक बारीक तरफ वरखाली होई, आणि घड्याळाच्या चावीवर सरकणाऱ्या काजळी धरलेल्या कागदाच्या पट्टीवर तिचे टोक पांढरी रेघ ओढीत जाई. आपल्याकडचा वैद्य तीन बोटांनी जे जाणतो, ते या यंत्राने कागदावर उतरवले. जेकोबीबाईंनी त्याच त्या स्त्रियांची नाडी महिनाभर वेगवेगळ्या दिवशी अशी उतरवून घेतली. त्यांना दिसले, की रक्तवाहिन्यांतला ताण पाळीच्या आधीच्या दिवसांत जरासा चढतो आणि पाळी सुरू झाल्यावर हळूहळू उतरतो. म्हणजे लाट महिनाभर चालू असते. चार दिवसांचा अपघात आणि बाकीचे दिवस कोरे, असे काही नाही. आणि ही लाट इतकी सौम्य, की तिच्यामुळे धडधाकट बाई कामाला असमर्थ व्हावी असे तिच्यात काही आढळत नाही.

त्यांचा निष्कर्ष मी माझ्या शब्दांत सांगतो. जिचे पोषण नीट आहे अशा बाईला पाळी आली म्हणून विश्रांती घेणे भाग पडावे, असे पाळीच्या स्वरूपात काही नाही. जिला त्रास होतो तिला विश्रांती जरूर मिळावी. ‘जिचे पोषण नीट आहे’ ही अट त्यांनी मुद्दाम घातली होती. तिच्याकडे मी शेवटी येणार आहे.

त्यांच्या सगळ्याच उपपत्ती पुढे टिकल्या नाहीत. त्या काळी संप्रेरके माहीत नव्हती. ॲलन आणि डॉइझी यांचे स्त्री-संप्रेरकावरचे काम १९२३ चे. पण विचारून पाहावे आणि मोजून पाहावे, ही त्यांची पद्धत टिकली. १९१४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लेटा हॉलिंगवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २३ स्त्रियांच्या हाताची चपळाई, स्थिरता, रंगांची नावे भराभर सांगण्याची क्षमता महिनोन्महिने तपासली. पाळीच्या दिवसांत त्यात घट होते, असे त्यांना आढळले नाही.

इथे थोडे थांबून आपल्याकडची एक गोष्ट सांगितली पाहिजे. जेकोबीबाई ज्या फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून १८६४ साली बाहेर पडल्या, त्याच कॉलेजातून बावीस वर्षांनी, ११ मार्च १८८६ रोजी, कल्याणला जन्मलेली एक वीस वर्षांची मराठी मुलगी डॉक्टर होऊन बाहेर पडली. आनंदीबाई जोशी. मुलींनी इतका अभ्यास केला तर त्यांच्या शरीराचे काय होईल, हा क्लार्क यांचा प्रश्न अमेरिकेत गाजून तेव्हा जेमतेम तेरा वर्षे झाली होती. आनंदीबाईंच्या प्रकृतीने त्यांना साथ दिली नाही. थंडी, अपुरे अन्न आणि क्षय यांनी त्यांना गाठले. आपल्या कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली होती. पण तिथे रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. मुलींना शिकवू नये असे मानणाऱ्यांनी अशा मृत्यूचा काय अर्थ लावला असेल याची कल्पना कुणालाही करता येईल. त्या शिकल्यामुळे गेल्या नाहीत. क्षयाने गेल्या, ज्याला तेव्हा औषध नव्हते. बाईच्या बाबतीत दोष आजारापेक्षा पुस्तकावर टाकणे सोपे जाते, एवढेच.

पुस्तकाचा वाद पुढे मावळला, कारण मुली शिकल्या आणि काही झाले नाही. मग तोच वाद उठून मैदानावर गेला.

१९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना प्रथमच धावण्याच्या मैदानात घेतले. एकूण पाच स्पर्धा; त्यांत सर्वांत लांब पल्ल्याची शर्यत ८०० मीटरची. २ ऑगस्टला अंतिम फेरी झाली. नऊजणी धावल्या, नऊच्या नऊ पुऱ्या धावल्या. जर्मनीची लीना राडके २ मिनिटे १६.८ सेकंदांत पहिली आली. तो जागतिक विक्रम होता. दुसरी आली जपानची किनुए हितोमी, जिला या अंतराचा सरावसुद्धा नव्हता. शेवटची रेषा ओलांडल्यावर काहीजणी दमून गवतावर बसल्या, आडव्या झाल्या. पुरुषही तसेच करतात. पण दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत काय छापून आले? एकाने तर अकरा केविलवाण्या बायका धावल्या, पाचजणींनी अर्ध्यातच सोडले आणि पाचजणी शेवटी कोसळल्या, असा जमाखर्च दिला. नऊ धावल्या असताना अकरा मोजणाऱ्या या बातमीदाराला आमच्या शाळेत हजेरी घ्यायलासुद्धा कुणी ठेवले नसते! परंतु परिणाम व्हायचा तो झाला. स्त्रियांचे हृदय आणि त्यांचे भावी मातृत्व यांना हे अंतर झेपणार नाही, असे ठरले. सुश्रुताच्या यादीतली धावणारी बाई आणि तिचे होणारे मूल पुन्हा ॲम्स्टरडॅमच्या मैदानावर उभे राहिले. ८०० मीटरची शर्यत स्त्रियांसाठी बंद झाली ती थेट १९६० च्या रोम ऑलिंपिकपर्यंत. बत्तीस वर्षे.

आणि मी ज्या मुलीचे नाव खोडले तीही ८०० मीटरचीच होती. ही गोष्ट वाचली त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो.

लांब पल्ल्याला आणखी वेळ लागला. १९६६ साली बॉबी गिब या तरुणीने बॉस्टन मॅरेथॉनसाठी अर्ज केला तेव्हा उत्तर आले, की एवढे अंतर धावणे स्त्रीच्या शरीराला शक्य नाही. ती सुरुवातीच्या रेषेजवळच्या झुडपांत लपून राहिली, घोळक्यात शिरली आणि ३ तास २१ मिनिटांत सारे अंतर धावून गेली. पुढच्या वर्षी कॅथरिन स्विट्झर २६१ क्रमांक लावून धावत असताना स्पर्धेच्या एका अधिकाऱ्याने तिला ओढून बाहेर काढण्याचा प्रयत्न केला. ते छायाचित्र जगभर गाजले. बॉस्टनने स्त्रियांना रीतसर प्रवेश दिला १९७२ साली. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन आली १९८४ साली, लॉस एंजेलिसला. जोन बेनॉइटने ती २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत जिंकली. त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या पी. टी. उषाचे ४०० मीटर अडथळ्यांचे पदक एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले, हे आमच्या वयाच्या लोकांना पाठ आहे.

आता, शास्त्र आज काय सांगते? मी डॉक्टर नाही. पण जे निर्विवाद आहे तेवढे सांगता येईल. पाळीचे चक्र २१ ते ३५ दिवसांचे असू शकते. त्याच्या उत्तरार्धात, म्हणजे बीज सुटल्यानंतर, प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढते. त्याने शरीराचे तापमान सुमारे ०.३ ते ०.५ अंश सेल्सियसने चढते, श्वास किंचित वाढतो, आणि बसल्या जागी नाडीचे ठोके मिनिटाला दोन-चारने जास्त पडतात. पाळी सुरू झाली की हे सारे परत खाली येते. जेकोबीबाईंच्या काजळीच्या कागदावरची लाट ती हीच, फक्त आता तिचे कारण माहीत झाले आहे. निरोगी स्त्रीचे हृदय जास्तीत जास्त किती काम करू शकते, यात महिनाभरात म्हणण्यासारखा फरक पडत नाही.

खेळातल्या कामगिरीबद्दल २०२० साली ७८ संशोधनांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात आढळले, की पाळीच्या पहिल्या काही दिवसांत कामगिरी सरासरीने अगदी नाममात्र घसरत असावी. पण संशोधनांचा दर्जाच इतका कच्चा, की सर्वांना एक नियम लावू नये, ज्या-त्या खेळाडूचे तिच्यापुरते पाहावे. दर्जा कच्चा का? कारण कितीतरी वर्षे व्यायामाचे प्रयोग पुरुषांवरच होत. स्त्रियांचे महिन्याचे चक्र मध्ये आले की हिशेब अवघड होतो, म्हणून त्यांना वगळणेच सोयीचे पडे.

ज्या-त्या खेळाडूचे पाहावे म्हणजे काय, याची दोन उदाहरणे देतो. ब्रिटनची पॉला रॅडक्लिफ २००२ साली शिकागोत २ तास १७ मिनिटे १८ सेकंदांत मॅरेथॉन धावली. तो जागतिक विक्रम होता. त्या शर्यतीत तिच्या पोटात पाळीच्या कळा येत होत्या, हे तिनेच नंतर सांगितले. उलट २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चीनची जलतरणपटू फू युआनहुई सांघिक शर्यतीनंतर कॅमेऱ्यासमोर म्हणाली, की काल रात्रीच पाळी आली, त्यामुळे मी फार थकले होते. एकीला विक्रम करता आला, दुसरीला थकवा आला. दोघी खऱ्याच बोलत होत्या.

एक सावधगिरीची सूचना मात्र आई-वडिलांना दिली पाहिजे. फार सराव आणि अपुरे खाणे यांमुळे धावणाऱ्या मुलीची पाळी महिनोन्महिने बंद झाली, तर ‘बरे झाले, कटकट गेली’ असे कुणी म्हणू नये. ती शरीराची तक्रार असते. हाडे ठिसूळ होऊ लागतात. डॉक्टरांना दाखवावे.

आता जेकोबीबाईंच्या अटीकडे येतो: पोषण. पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. ८० च्या वर गेले तर ते अतिस्राव. एका मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जाते. खाण्यातून ते भरून आले नाही, तर रक्त पातळ होते, प्राणवायू कमी वाहून नेला जातो, आणि ती तूट भरून काढायला हृदय जोराने धावू लागते. मुलीला जिना चढताना धाप लागते, छाती धडधडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींत रक्ताची कमतरता आढळली. म्हणजे आमच्या वर्गातल्या मुलींचे हृदय पाळीने थकते म्हणण्यापेक्षा ते नाचणी, पालेभाजी, गूळ, शेंगदाणे, डाळ यांच्या अभावाने थकते, हे खरे. घरात आधी पुरुष, मग मुलगे आणि उरले तर मुली, ही जेवणाची रांग कितीतरी घरांत अजून मोडलेली नाही. शाळेत मिळणारी आठवड्याची निळी गोळी मुली खिडकीतून फेकतात हे मी पाहिले आहे. ती कशासाठी हे आम्ही त्यांना मोकळेपणाने सांगितले नव्हते, यात आमचाही दोष.

आणि गॅरेट अँडरसनबाईंचा प्रश्नही आपल्या दारात उभा आहे. दिवाळी उलटली की आपल्या भागातल्या उसाच्या फडांत मराठवाड्यातून टोळ्या येतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली. एक दिवस चुकला की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. पाळी आली म्हणून कोण थांबणार? फडात ना पाणी, ना आडोसा. २०१९ साली महाराष्ट्र शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. एका बाजूला विसाव्याच्या नावाखाली मुलीला मैदानाबाहेर बसवणारे आपण, आणि दुसऱ्या बाजूला जिला विसावा हवा तिने गर्भाशय काढून कामावर यावे अशी व्यवस्था चालू देणारेही आपणच.

२०२५ साली कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने नोकरदार स्त्रियांना पाळीसाठी महिन्याला एक दिवस पगारी रजा देण्याचे धोरण मंजूर केले. बिहारात सरकारी नोकर स्त्रियांना अशी दोन दिवसांची रजा १९९२ पासून आहे. अशी रजा मिळाल्याने बायकांना नोकरीवर घेणे मालक टाळतील, असे काहीजण म्हणतात. ती हक्काची आहे, असे दुसरे म्हणतात. हार्वर्डने १८७६ साली घातलेला प्रश्न दीडशे वर्षांनी बंगळूरच्या विधानसौधात येऊन पोचला आहे. मला स्वतःला रजा असावी असे वाटते, पण ती घ्यायची की नाही हे जिचे तिने ठरवावे. दुसऱ्या कुणी तिच्या वतीने घेऊन टाकू नये. आणि ती फडातल्या बाईपर्यंत पोचावी. तिथे ना हजेरीपट, ना नेमणूकपत्र. तिथे ती कशी पोचवायची, याचे उत्तर अजून कुणी दिलेले नाही.

आता मी मुख्याध्यापक आहे. क्रीडास्पर्धेची यादी अजूनही एखाद्या नव्या शिक्षकाकडेच जाते. त्याला मी दोन गोष्टी सांगतो. कुणा मुलीचे नाव खोडायचे असेल तर आधी बाईंकरवी तिला स्वतःला विचारायचे, आणि तिचे उत्तर यादीत लिहायचे. दुसरी गोष्ट, स्पर्धेच्या आधी जाऊन मैदान पाहून यायचे: मुलींच्या संडासाला दार आहे का, दाराला आतून कडी आहे का, नळाला पाणी आहे का. गेल्या वर्षी कडी नव्हती. आमच्या शिपायाने आदल्या संध्याकाळी जाऊन बसवली, आणि आमच्या नऊच्या नऊ मुली धावल्या.